“आम्हाला त्यातलं काही कळत नाही”: म्युझियममधली आधुनिक चित्रं आणि फोटो पाहायचे कसे?

प्रश्न असा आहे. कल्याणहून चौघं जण, नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे, रविवारी फोर्टला म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) पाहायला गेले. मूर्ती पाहिल्या, लघुचित्रं पाहिली, मजा आली. मग वरच्या मजल्यावर आधुनिक चित्रांचं दालन लागलं आणि दहा मिनिटांत सगळे बाहेर. सासरे म्हणाले, “हे असलं आमची नातही काढेल.” समोरच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) फोटोंचं प्रदर्शन होतं. तिथेही तेच. फोटो तर रोज मोबाईलवर निघतात, ते तिकीट काढून काय बघायचे? आता पुन्हा जायचं ठरतंय, तर आधी काही वाचून जावं का, असं विचारलंय.

वाचून जाऊ नका. निदान पहिल्या खेपेला नको.

मी प्रदर्शनं लावते. म्हणजे चित्रं पेट्यांतून काढायची, तपासायची, भिंतीवर चढवायची, दिवे लावायचे, आणि प्रदर्शन संपलं की हेच सगळं उलट्या क्रमाने. चित्र पेटीतून निघालं की पहिली त्याची तपासणी होते, त्याला आम्ही कंडिशन रिपोर्ट म्हणतो. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवी धरायची आणि तिचा उजेड चित्राच्या अंगावरून सावकाश फिरवायचा. रंगाला कुठे चीर गेलीय, कुठे पापुद्रा सुटलाय, कडेला कॅनव्हास कसा दुमडून ठोकलाय, सगळं कागदावर उतरवायचं. या कामात अर्थाबिर्थाचा विषयच निघत नाही. तरी अर्ध्या तासाने ते चित्र ओळखीचं झालेलं असतं, कारण तेवढा वेळ डोळा एकच गोष्ट शोधत असतो: हे झालं कसं? आधी कुठला रंग बसला, वरून कुठला आला, कुठे पुसलं, कुठे हात थांबला.

तुम्ही खाली मूर्तींसमोर “हे काय आहे?” असं विचारलंत आणि उत्तर मिळालं: विष्णू, महिषासुरमर्दिनी, बुद्ध. तोच प्रश्न घेऊन वर गेलात आणि अडलात. वर गेल्यावर प्रश्न बदलायचा. “हे कसं केलं असेल?” एवढंच विचारत फिरा. हे सोपं आहे, आणि याचं उत्तर समोरच्या चित्रातच असतं, त्यासाठी पुस्तक लागत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे घ्या, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९७२ च्या सुमारास मुंबई सोडून दिल्लीला गेले ते २००१ मध्ये जाईपर्यंत तिथेच. चित्रांना नाव द्यायचं नाही, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायची आणि त्याबद्दल फारसं बोलायचं नाही असा माणूस. लांबून पाहिलं तर उभ्या कॅनव्हासवर एका रंगाचा धूसर पट्टा आणि त्यात तरंगणाऱ्या काही खुणा, एवढंच दिसतं. आता चित्राच्या समोरून बाजूला सरका, भिंतीला जवळजवळ समांतर उभे राहा आणि तिरकं पाहा. (दोरी लावलेली असेल तर दोरीच्या बाहेरूनच.) रंग सपाट नाही हे लगेच लक्षात येईल. त्यांनी रंगाचे थर रोलरने चढवले आणि पॅलेट नाईफने, म्हणजे रंग कालवायच्या सुरीने, खरवडले. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून ते ओल्या रंगावर दाबून उचलले, त्यांच्या कडा तिथे उमटल्या. ज्या खुणा दुरून अक्षरांसारख्या वाटतात त्या जवळून पाहिल्या की त्यात फाटलेल्या कागदाची धार दिसते. खालचा थर कुठे वर डोकावतोय, कुठे पूर्ण बुडालाय, हे शोधायला लागलात की पाच मिनिटं कशी गेली ते कळणार नाही. मग पुन्हा चार पावलं मागे जा. मघाचा तोच धूसर पट्टा आता खोल दिसतो, कारण त्याच्या खाली काय आहे ते तुम्ही पाहून आलेले असता.

सासऱ्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांना फक्त म्हणा, “बाबा, हा रंग ब्रशने लावलाय का हो?” ज्या माणसाने आयुष्यात एकदा जरी घराची भिंत रंगवून घेतलीय, रंगाऱ्याच्या मागे उभा राहून दुसरा हात मारून घेतलाय, तो अशा प्रश्नावर गप्प बसत नाही. नातही काढेल की नाही याचा निकाल ते स्वतःच लावतील. कोटींच्या किमतीचा विषय मात्र काढू देऊ नका. गायतोंड्यांचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईतल्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं हे खरं आहे, पण किंमत लिलावाच्या दालनात ठरते, चित्रात ती कुठे दिसत नाही. एकदा आकडा कानावर पडला की माणसं चित्र पाहायचं सोडून आकडा पाहत बसतात.

तरीही वयस्कर माणसाला थेट गायतोंड्यांसमोर उभं करावं असं मी म्हणणार नाही. सोप्यापासून सुरुवात करा. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यातले कृष्णाजी हौळाजी आरा पाहा. मुंबईत घरकाम करून, गाड्या पुसून दिवस काढलेला हा चित्रकार. त्याची फुलदाण्यांची, फळांची चित्रं कुणालाही आपली वाटतात. अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे पाहा. त्यांच्या निसर्गचित्रांत घरं, छपरं, डोंगर ओळखू येतात, पण त्यांचे त्रिकोण-चौकोन व्हायला लागलेले असतात. कुठली वस्तू किती ओळखू यावी आणि कुठे सोडून द्यावी, हा खेळ त्या पिढीने मुंबईत मांडला. गाडे पाहून मग पुढे गेलात तर गायतोंडे तेवढे परके राहत नाहीत.

आणि प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावचे (१९३६ ते १९९५). २०१९ मध्ये मॉडर्न आर्ट गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. बरव्यांच्या चित्रात वस्तू अगदी ओळखीच्या असतात: पान, फळ, घड्याळ, पाकीट. गोंधळ उडतो तो त्या एकमेकांच्या शेजारी का आल्या म्हणून. इथे एक गंमत करून पाहा. चित्रातल्या सावल्या तपासा. कुठल्या वस्तूची सावली पडलीय, कुठलीची नाही, आणि पडलीय ती उजेडाच्या एकाच दिशेने आहे का? त्यांनी बरंचसं काम एनॅमल रंगात केलं, दारं-खिडक्यांना लावतात त्या जातीच्या. त्या रंगाला वाहायची खोड असते, तेलरंगासारखं त्यात सावकाश घोळवत बसता येत नाही. म्हणून बरव्यांच्या आकारांच्या कडा पाहण्यासारख्या असतात. लहान मुलांना गायतोंड्यांपेक्षा बरवे लवकर आवडतात, हा माझा नेहमीचा अनुभव. मोठ्यांचं उलटं होतं, कारण मोठी माणसं शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंचं नातं लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

तुम्ही ज्या दालनातून दहा मिनिटांत बाहेर आलात ते बहुधा जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहाचं असावं. दुसऱ्या मजल्यावर आहे, २०११ पासून. निकोल्सन कापसाचे व्यापारी, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. पहिलं चित्र घेतलं १९६८ मध्ये, तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. पुढे संग्रह सुमारे ८०० कामांचा झाला. एकदम एवढं सगळं भिंतीवर मावत नाही, त्यामुळे तिथली मांडणी बदलत राहते. आज गायतोंडे असतील, पुढच्या वेळी नसतीलही. म्हणून एखादं चित्र आवडलं असेल तर “पुढच्या वेळी नीट पाहू” म्हणून सोडू नका.

चित्राशेजारच्या पट्टीबद्दल, म्हणजे लेबलबद्दल. चित्रांच्या बाबतीत लेबल नंतर वाचा. आधी वाचलं की डोळा लेबलमध्ये लिहिलेलं शोधतो आणि सापडलं की पुढे सरकतो. वाचताना माध्यमाची ओळ सोडू नका, “कॅनव्हासवर तैलरंग”, “कागदावर शाई” वगैरे. ‘कसं केलं’चं अर्धं उत्तर त्या ओळीत असतं आणि बहुतेक लोक नाव नि साल वाचून तीच गाळतात. फोटोंच्या बाबतीत मात्र मी उलटं सांगेन.

नारायण विनायक विरकर हे मुंबईचे फोटोग्राफर. १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर ते अमृतसरला गेले आणि बागेच्या भिंतीचे फोटो काढले. गोळ्यांच्या खुणांकडे माणसं बोट दाखवताहेत. लेबल झाकलं तर काय दिसतं? एक जुनी भिंत आणि काही माणसं. साल आणि जागा वाचली की तुम्ही त्या भिंतीवरच्या खुणा मोजायला लागता. फोटोचा संबंध एका ठरावीक जागेशी आणि क्षणाशी असतो, तो माहीत नसेल तर फोटो अर्धाच दिसतो. तेव्हा फोटोसमोर आधी लेबल, मग फोटो.

आता “फोटो तर आम्हीही काढतो”. काढता ना, मग तुम्हाला चित्रांपेक्षा फोटो जास्त कळायला हवेत. प्रत्येक फोटोसमोर विचारा: काढणारा नेमका कुठे उभा होता? होमाई व्यारावाला यांचा एक गाजलेला फोटो आहे. पालम विमानतळावर नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट पाहत उभे आहेत आणि त्यांच्या बाजूला पाटी आहे: फोटो काढण्यास सक्त मनाई. पाहणारा हसतो आणि पुढे जातो. तुम्ही जाऊ नका. पाटी आणि नेहरू दोन्ही एका चौकटीत यायचे तर बाईंना कुठे उभं राहावं लागलं असेल? दोन पावलं इकडे-तिकडे झाली असती तर पाटी कापली गेली असती आणि उरला असता पंतप्रधानांचा आणखी एक फोटो. शिवाय तो काळ फिल्मचा. काढलेला फोटो तिथल्या तिथे पाहायची सोय नव्हती. व्यारावाला जे. जे.मध्ये शिकल्या होत्या, आणि सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. २०११ मध्ये मुंबईच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. छापील पुस्तकात आणि मोबाईलवर शेकडो वेळा पाहिलेला फोटो तिथे भिंतीवर पाहिला की त्याचा आकार, त्यातला काळा रंग, कागदाचा पोत असं सगळं वेगळंच निघतं.

कागदावर जरा थांबते, कारण मोबाईलवर हे दिसणं शक्यच नसतं. लेबलवर “अल्ब्युमेन प्रिंट” असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला फोटो: अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापलेला, आणि त्याची छटा तपकिरी, पिवळसर. “सिल्व्हर जिलेटिन” म्हणजे डार्करूममधला कृष्णधवल प्रिंट. यातला काळा भाग नीट पाहा. चांगल्या प्रिंटमध्ये काळ्यातही तपशील असतो, कोटाच्या बाहीवरची चुणी दिसते, अंधाऱ्या दारातली भिंत दिसते. “आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट” म्हणजे आजच्या इंकजेट यंत्रावर, टिकाऊ शाईने छापलेला. “व्हिंटेज” लिहिलं असेल तर फोटो काढला त्याच सुमाराला तो छापलाय. छोटा प्रिंट वहीसारखा जवळून पाहायचा असतो आणि भिंतभर प्रिंटला मागे सरायला जागा लागते. हे पटत नसेल तर एक करा. मोबाईलमधला स्वतःचा एक आवडता फोटो जवळच्या लॅबमधून १२ बाय १८ इंचांत छापून आणा आणि आठवडाभर भिंतीला लावा. त्यातल्या कुठल्या गोष्टी तुम्ही फोटो काढताना पाहिल्याच नव्हत्या ते दिसेल.

फोटोंचं प्रदर्शन बरेचदा मालिकेचं असतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले कृष्णधवल फोटो घ्या. गटारात उतरलेला माणूस एका फोटोत दिसला तर आपण चटकन नजर वळवतो. पण तीच माणसं कचऱ्याच्या गाडीवर दिसतात, घरी बायकोपोरांत दिसतात, पुन्हा कामावर दिसतात. तेव्हा एकच फोटो निवडून “हा छान आहे” असं म्हणता येत नाही. मांडणी करताना आमची सगळ्यात जास्त भांडणं होतात ती याच गोष्टीवरून, कुठल्या फोटोच्या शेजारी कुठला. तर प्रत्येक फोटोसमोर ठरावीक वेळ थांबण्यापेक्षा एक भिंत लांबून एका नजरेत पाहा, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत चाला. एखाद्या भिंतीवर एकटाच फोटो टांगलेला दिसला तर तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

दालनात अंधार का, हा नेहमीचा सवाल. कागदावरची कामं, विशेषतः जुने फोटो आणि जलरंग, उजेडाने फिके पडतात आणि फिकं पडलेलं पुन्हा गडद होत नाही. म्हणून आम्ही तिथे उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतो, घरातल्या दिवाणखान्यापेक्षाही बराच कमी. बाहेरच्या उन्हातून आल्या आल्या पहिला फोटो पाहायला लागू नका. दोन-चार मिनिटं बाकावर बसा, डोळे सरावतात. एक गोष्ट मात्र कुठल्याही बोर्डावर लिहिलेली नसते: फोटोंच्या प्रदर्शनाला पांढरा शर्ट घालून जाऊ नका. काच लावलेल्या काळ्या प्रिंटमध्ये फोटोऐवजी स्वतःचाच शर्ट दिसत राहतो. आमच्यातले लोक गडद कपड्यांत फिरतात त्यात रुबाबाचा भाग थोडा आहे, पण कारण हे आहे.

मुलीबद्दल. चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येईल असं धरतात. हे मोठ्यांच्या डोळ्यांचं माप. नऊ वर्षांच्या मुलीला तिथे खालून वर पाहावं लागतं आणि वरच्या दिव्याची तिरीप नेमकी तिच्या डोळ्यांत येते. तिला कंटाळा येण्याचं एक कारण एवढं साधं असू शकतं. एकदा तिच्या उंचीला खाली बसून पाहा, म्हणजे कळेल. काच असेल तर तिला दोन-तीन पावलं मागे उभं करा. वही आणि पेन्सिल न्या; पेन किंवा स्केचपेन बहुतेक ठिकाणी चालत नाही. “हे काय आहे सांग” असं तिला विचारू नका, त्याऐवजी एका चित्राचा एक कोपरा काढायला सांगा. सगळं चित्र काढायला सांगितलं तर ती घाबरेल, कोपरा काढता काढता मात्र बारीक पाहायला लागेल. आणि दालनातल्या सिक्युरिटीवाल्या काकांशी बोलू द्या. दिवसभर तीच चित्रं त्यांच्यासमोर असतात. लोक कुठल्या चित्रापाशी सगळ्यात जास्त थांबतात, कुठल्याला हात लावायला जातात, हे त्यांच्याइतकं आम्हालाही माहीत नसतं.

किती पाहावं? फार थोडं. तिकीट काढलंय म्हणून पंगतीत वाढलेलं सगळं संपवायलाच हवं अशा बाण्याने फिरलं की तिसऱ्या दालनात पाय बोलायला लागतात. मॉडर्न आर्ट गॅलरीत तर हे हमखास होतं. ती इमारत मुळात सभा-मैफलींचा सर कावसजी जहांगीर हॉल, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी बांधलेला. १९९६ मध्ये तिथे गॅलरी सुरू झाली तेव्हा आत चढत जाणारे मजले बांधले. घुमटाखालच्या वरच्या दालनात पोचेपर्यंत माणूस थकलेला असतो आणि कित्येकदा महत्त्वाचं काम नेमकं तिथेच लावलेलं असतं. पहिल्यांदा सगळीकडे भरभर एक चक्कर मारा, कुठेही न थांबता. मग जी तीन-चार कामं डोक्यात राहिली असतील त्यांच्याकडे परत या. न आवडलेलं एक त्यात जरूर घ्या. त्याच्यासमोर जास्त वेळ काढावा लागतो आणि घरी जाताना ट्रेनमध्ये बोलायला तेच पुरतं.

एका दिवसात म्युझियम, मॉडर्न आर्ट गॅलरी आणि जहांगीर आर्ट गॅलरी असं तिन्ही करू नका, जरी तिन्ही हाकेच्या अंतरावर असली तरी. जहांगीरला (१९५२ पासूनची, प्रवेश फुकट) वेगळ्या दिवशी जा. तिथे बरेचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि “हे कसं केलंत?” असं त्यालाच विचारता येतं. “याचा अर्थ काय?” असं विचारलंत तर तो कसनुसं हसेल. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो ते नऊ दिवस मात्र टाळा, रस्त्यावरची मजा घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांना भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळ पडतं. राणीच्या बागेच्या आवारात, १८७२ पासून लोकांसाठी खुलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. मातीच्या बाहुल्या आणि जुन्या मुंबईचे नकाशे यांच्या मधोमध आजचे कलाकार आपली कामं मांडतात. जितीश कल्लाट, एल. एन. तल्लूर यांची प्रदर्शनं २०११ मध्ये तिथे झाली. ज्यांना नुसत्या पांढऱ्या भिंती अंगावर येतात त्यांच्यासाठी सुरुवातीला हीच जागा बरी. जाता जाता: ज्यांचं नाव या संग्रहालयाला आहे त्या भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः फोटोग्राफर होते, १८५० च्या दशकातल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत.

मुंबईबाहेरच्या लोकांनी हे वाचून हळहळू नये. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्री भवानी संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं दगडातलं ‘आई आणि मूल’ शिल्प आहे. ते पाहायला परदेशातून माणसं येतात आणि साताऱ्याच्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो. शिल्पाला तर चारी बाजूंनी फिरून पाहता येतं, ‘कसं केलं’ विचारायला त्याहून सोयीचं काही नाही. गोव्यात पिळर्णला सुबोध केरकर यांचं म्युझियम ऑफ गोवा आहे, मुलांना घेऊन जायला उत्तम.

फोटो काढायचेच असतील तर फ्लॅश बंद करून, परवानगी असेल तिथे, आणि चित्र पाहून झाल्यावर काढा. बरोबर लेबलचाही एक काढा, नाहीतर घरी गेल्यावर कुणाचं काय ते आठवत नाही. निघण्याआधी संग्रहालयाला फोन करून चालू प्रदर्शन कधीपर्यंत आहे ते विचारा. मॉडर्न आर्ट गॅलरी सोमवारी बंद असते, भाऊ दाजी लाड बुधवारी. शिवाय एक प्रदर्शन उतरवून दुसरं चढवेपर्यंत दालनं काही दिवस बंद असतात. तेव्हा आम्ही आत शिड्यांवर असतो आणि वेबसाईटवर तसं टाकायचं कुणाच्या लक्षात राहीलच असं नाही.